मॉरिशसचं नागरिकत्व आणि भाच्याचे पाच हजार

परवा मनीषनगरातून भाच्याचा फोन. "मामा, मॉरिशसचं जमून राह्यलं. एजंटला टोकन देऊन टाकलं, पाच हजार." पाठोपाठ तो मेसेज आला, जो एव्हाना तुमच्याही ग्रुपवर दोनदा येऊन गेला असेल. 1834 मध्ये नागपूरच्या मराठ्यांनी जहाजातून जाऊन मॉरिशस वसवलं, तिथली राजभाषा मराठी आहे आणि भारताशी नवा करार झाल्यामुळे मराठी माणसाला तिथलं नागरिकत्व थेट मिळतं. खाली 'अभिमान असेल तर पुढे पाठवा'.

आधी नागरिकत्वाचं, कारण पैसे त्यात गेले. असा करार नाही. झालंय ते नेमकं उलट. मार्च 2024 मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू मॉरिशसच्या राष्ट्रीय दिनाला गेल्या, तेव्हा त्यांनी जाहीर केलं की तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांना सातव्या पिढीपर्यंत ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड मिळू शकेल. म्हणजे देणारा भारत, घेणारे ते. आणि तेही नागरिकत्व नव्हेच. आयुष्यभर येण्याजाण्याची मुभा, मतदानाचा हक्क नाही. मेसेजवाल्याने गंगा उलटी वाहवली आणि एजंटाने तिच्यात हात धुतले. खरं एवढंच की फिरायला जाणाऱ्या भारतीयाला आधी व्हिसा काढावा लागत नाही. तो मराठी असो की मणिपुरी.

आता 1834. साल बरोबर आहे, हे कबूल. 2 नोव्हेंबरला 'ॲटलस' जहाज 36 मजूर घेऊन पोर्ट लुईला लागलं. पण ते कलकत्त्याहून गेलेले, छोटा नागपूरच्या डोंगराळ भागातले आदिवासी. छोटा नागपूर, बाप्पा! झारखंडात आहे ते. आपल्या नागपूरच्या महाल-सीताबर्डीशी त्याचा संबंध नाही. आणि बेट 'वसवायला' कोणी गेलं नव्हतं. तिथे आधी डच, मग फ्रेंच, मग इंग्रज होते. गुलामगिरी संपत होती आणि उसाच्या मळ्यांना स्वस्त हात हवे होते. युनेस्कोने 2006 मध्ये जागतिक वारसा म्हणून नोंदवलेला आप्रवासी घाट पाहा. गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, अंगठा देऊन आलेली माणसं त्या धक्क्यावर उतरत. मराठी मजूरही पुढे मुंबई बंदरातून असेच गेले, कोकणातले, साताऱ्याकडचे. त्यांना तलवारी देऊन तुम्ही त्यांचा घामच पुसून टाकता.

राजभाषेचं दोन ओळीत: संसदेचं कामकाज इंग्रजीत चालतं, फ्रेंचलाही परवानगी आहे. मराठी शाळेत शिकवतात आणि गणेश चतुर्थीला सुट्टी असते, हे मात्र खरं.

नागपूरचा संबंधच हवा असेल तर 1975 चं पहिलं विश्व हिंदी संमेलन आठवा. ते इथेच भरलं आणि मॉरिशसचे पंतप्रधान शिवसागर रामगुलाम त्याला आले होते. पण भाषा हिंदी पडली, म्हणून मेसेजात बसली नसावी.

हे सगळं भाच्याला सांगितलं. त्याने टोकन परत मागायला फोन लावला, तर एजंट म्हणतो, "भाऊ, तो मेसेज तुम्ही नीट वाचला नाही वाटतं."