उसण, ठणका आणि इंग्रजीचे वीस गुण

परिचारिका होण्यासाठी काय लागते, असे कोणालाही विचारले तर सेवाभाव, चिकाटी, रात्र जागून काढण्याची तयारी आणि रक्त पाहून चक्कर न येणे अशी उत्तरे मिळतात. लग्न झाल्यापासून घरातल्या सगळ्यांची दुखणीखुपणी काढत आल्यामुळे यातले बरेचसे आपल्याजवळ आहे, अशी माझी समजूत होती. राज्याच्या बी.एस्सी. नर्सिंग सीईटीचा तपशील वाचल्यावर ती जरा सैल झाली. शंभर गुणांचा पेपर, आणि त्यात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, इंग्रजी व नर्सिंगचा कल यांना प्रत्येकी वीस गुण. म्हणजे रुग्णाच्या उशाशी पोहोचण्याआधी समानार्थी शब्द, विरुद्धार्थी शब्द, वाक्प्रचार आणि ‘शब्दसमूहाबद्दल एक शब्द’ एवढी सगळी मंडळी ओलांडून जायचे होते. प्रवेशासाठी वयाची मुभा पस्तिशीपर्यंत आहे. बारावी सायन्स होऊन संसारात पडलेल्या माझ्यासारखीने ती मुभा घ्यायची ठरवली आणि कऱ्हाडच्या एका क्लासात नाव घातले. पहिल्या दिवशी वर्गात शिरताच सतरा-अठरा वर्षांची सगळी मुले मॅडम आल्या म्हणून उठून उभी राहिली. मी शेवटच्या बाकावर जाऊन बसले तेव्हा ती हळूहळू खाली बसली.

आधी सर्वसाधारण शब्दसंपत्तीविषयी सांगते, कारण त्या बाबतीत माझे मत अजूनही बरे नाही. पोस्टाची तिकिटे जमवणारा तो फिलॅटेलिस्ट आणि जुनी नाणी जमवणारा तो न्यूमिस्मॅटिस्ट, हे मी निमूटपणे पाठ केले. वॉर्डात असा एखादा रुग्ण आलाच तर त्याच्याशी बोलायला विषय मिळेल. झोपेत चालणाऱ्याला सोम्नॅम्ब्युलिस्ट म्हणतात, हे तर रात्रपाळीच्या परिचारिकेला ठाऊक असलेले बरेच. पण त्यापुढे ही यादी एकदम स्मशानाच्या वाटेला लागते. थडग्यावरचा मजकूर म्हणजे एपिटाफ, प्रेत नेण्याची गाडी म्हणजे हर्स, प्रेते ठेवण्याची जागा म्हणजे मॉर्च्युअरी आणि बापाच्या मृत्यूनंतर जन्मलेले मूल म्हणजे पोस्ट्युमस. माणसे जगवण्याच्या धंद्यात शिरणाऱ्यांना एवढ्या आत्मीयतेने हे शब्द कोण शिकवते, ते कळायला मार्ग नाही. त्याहून पुढचे पान खुनांचे आहे. माणसाचा खून होमिसाइड, आईचा मॅट्रिसाइड, बापाचा पॅट्रिसाइड, भावाचा फ्रॅट्रिसाइड, बहिणीचा सोरोरिसाइड, तान्ह्या बाळाचा इन्फंटिसाइड, राजाचा रेजिसाइड आणि बायकोचा अक्सोरिसाइड. मी हे मोठ्याने घोकत होते आणि सासूबाई शेजारी तांदूळ निवडत होत्या. अर्थ विचारून घेऊन त्यांनी सगळी यादी शांतपणे ऐकली, एक खडा बाजूला टाकला आणि विचारले, “आन् सासूचा?” यादीत तो नव्हता. मी तसे सांगितले, तरी त्या रात्री त्यांनी दूध स्वतःच्या हाताने तापवून घेतले.

त्या मानाने वैद्यकीय शब्द सरळमार्गी निघाले. ते दिसायला अक्राळविक्राळ असतात, पण शाळेत संस्कृतच्या तासाला समासाचा विग्रह केलेल्या माणसाला घाबरवू शकत नाहीत. कोलेसिस्टेक्टॉमी हा शब्द घ्या. कोले म्हणजे पित्त, सिस्ट म्हणजे पिशवी, एक्टॉमी म्हणजे कापून काढणे. पित्ताची पिशवी, तिचे काढणे, असा षष्ठी तत्पुरुष सोडवला की शस्त्रक्रिया संपली. शेवटी आयटिस आले की दाह, एक्टॉमी आले की अवयव गेला, ऑटॉमी आले की नुसता छेद आणि ऑस्टॉमी आले की नवे तोंड पाडले. एवढ्या चार शेपट्या ओळखल्या तर अर्धे पुस्तक आपोआप उलगडते. हायपो आणि हायपर यांच्याबद्दलही माझी तक्रार नाही. हायपोग्लायसेमिया म्हणजे रक्तातली साखर उतरलेली आणि हायपरग्लायसेमिया म्हणजे चढलेली. एवढ्याशा फरकावर रुग्ण शुद्धीत असेल तर त्याला साखरपाणी पाजायचे की त्याच्यासमोरचा पेढ्यांचा डबा उचलून न्यायचा, हे ठरत असेल, तर तो फरक रोज पहाटे घोकायला मी तयार आहे.

तक्रार आहे ती ॲक्यूटबद्दल. ॲक्यूट अँगल म्हणजे लघुकोन, हे भूमितीने कोवळ्या वयात डोक्यात बसवलेले असते. तेव्हा ॲक्यूट पेन म्हणजे लहानसे, चिमूटभर दुखणे असणार, असे कोणताही पापभीरू मनुष्य समजेल. प्रत्यक्षात ते अचानक उठणारे आणि बहुधा जोराचे दुखणे निघाले, आणि महिनोन् महिने रेंगाळणारे ते क्रॉनिक. ही जोडी लक्षात ठेवण्यासाठी मी सासूबाईंचे गुडघे क्रॉनिक आणि त्यांचा राग ॲक्यूट, अशी नोंद वहीत केली व वही उंच फळीवर ठेवली. तशीच गत इलियमची. एक इलियम लहान आतड्याचा शेवटचा भाग आणि दुसरे इलियम कमरेचे हाड. इंग्रजीत मधल्या एका अक्षराचा फरक, उच्चार तोच. देवनागरीत लिहून पाठ करणाऱ्याला तर तेवढाही आधार नाही. त्याने पोट दुखते की कंबर, ते संदर्भावरून ओळखायचे.

आणि हे सगळे तिसऱ्यांदा चालले होते. दहावीपर्यंत मराठी माध्यमात प्रमस्तिष्क, अनुमस्तिष्क आणि मस्तिष्कपुच्छ अशी नावे मी पाठ केली, तेव्हाही ती मराठी आहेत यावर घरात कोणाचा विश्वास बसला नव्हता. अकरावीला गेल्यावर त्यांचे सेरेब्रम, सेरेबेलम आणि मेड्युला झाले. घरात मात्र या तिघांना मिळून डोके म्हणत. पोटातल्या एका बिचाऱ्या अवयवाला पुस्तकात प्लीहा, सीईटीत स्प्लीन आणि आमच्या सासूबाईंकडे पाणथरी म्हणतात, आणि यातल्या कोणत्याही दोघांची एकमेकांशी ओळख नाही.

सरावासाठी रुग्ण हवा म्हणून मी सासूबाईंना निवडले. त्यांना सदैव काहीतरी होत असते आणि त्याचे वर्णन करायला त्यांना आवडते. क्लासमध्ये वेदनेचे प्रकार उतरवून दिले होते: थ्रॉबिंग, बर्निंग, स्टॅबिंग, डल आणि कॉलिकी. मी पेन घेऊन समोर बसले आणि काय होते, असे विचारले. सासूबाईंनी सांगितले की खांद्यात ठणका आहे, पोटरीत कळ येते, तळपायाची भगभग होते, दाढ ठसठसते, डोळे चुरचुरतात, डावा हात कधी बधिरतो तर कधी त्याला मुंग्या येतात, परवा पोटात मुरडा मारत होता, काल संध्याकाळी कणकण होती आणि आज अंग मोडून आले आहे. माझे पाच शब्द तळपायापर्यंतसुद्धा पुरले नाहीत. ठणका म्हणजे थ्रॉबिंग असे मी लिहिले, तर मग ठसठस म्हणजे काय, असा प्रश्न पडला. त्यावर त्यांनी ठणका आत खोल असतो आणि ठसठस गळवात, दाढेत, जिथे पू धरतो तिथे होते, असा फरक समजावून सांगितला. हा फरक माझ्या कोणत्याही पुस्तकात नव्हता. कणकण म्हणजे फीवर, असे मी चाचरत म्हणाले, तेव्हा त्या उसळल्या. “ताप आला तर ताप म्हनीन की मी. कणकण म्हंजी ताप येनार असतोय, आजून आलेला नसतोय.”

एवढे बोलून त्या तिरीमिरीत पाटावरून उठायला गेल्या आणि कमरेला हात लावून अर्ध्यातच थांबल्या. मला ही घटना ॲक्यूट वाटली. त्यांनी ती उसण असल्याचे जाहीर केले. उसणीला यादीत जागा नव्हतीच, पण सासूबाईंकडे तिच्यावर इलाज होता: पायाळू माणसाने कमरेला पाय लावायचा. पायाळू, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेला. हे ऐकून मात्र मला हुरूप आला, कारण त्याच दिवशी क्लासमध्ये सारख्या उच्चाराच्या शब्दांत ब्रीच झाला होता. एका स्पेलिंगने तो नियमाचा भंग होतो आणि दुसऱ्याने बाळ पायाकडून येणे. शेजारचा इंजिनिअरिंगला असलेला मुलगा पायाळू आहे, हे गल्लीत सर्वांना ठाऊक होते. तो आईबरोबर आला, मोजा काढला आणि ओशाळल्या चेहऱ्याने त्याने सासूबाईंच्या कमरेला तीनदा अंगठा टेकवला. शास्त्रीय माहिती गोळा करावी म्हणून मी त्याच्या आईला विचारले, “काकू, ह्याच्या वेळी ब्रीच प्रेझेंटेशन होतं का हो?”

“प्रेझेंटेशन होय? ते त्याचं आता कॉलेजात असतंय,” काकू म्हणाल्या. “जन्माच्या वेळी असलं काही नव्हतं बाई.”

मायलेक गेल्यावर सासूबाई जरा सरळ झाल्या. रुग्णाला शून्य ते दहा या पट्टीवर वेदना सांगायला लावायची असते, हे आठवून मी रीतसर विचारले, “आई, आता दहापैकी किती दुखतंय?”

“दहातलं कशाला? मगाशी सोळा आणे दुखत हुतं. आता चार आणे ऱ्हायलंय.”

सोळापैकी चार म्हणजे दहापैकी अडीच. पट्टीवर अडीच हा आकडा नसतो, म्हणून मी वहीत तीन लिहिले. सासूबाईंनी मान वाकडी करून ते वाचले, अर्धा खोडायला लावला आणि चहा टाकायला सांगितला.