खोकला रेंगाळला म्हणजे न्यूमोनिया नव्हे

नागपुरात पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: फ्लूनंतर आठवडाभरात खोकला गेला नाही तर न्यूमोनिया झालाच समजा, लगेच अँटिबायोटिक सुरू करा. हे चूक आहे. साध्या फ्लूत ताप बहुधा ३ ते ७ दिवसांत उतरतो. खोकला आणि मरगळ मात्र २ आठवड्यांहून जास्त रेंगाळू शकते. पोर खेळतंय, वरणभात मागतंय, तर खोकल्याला वेळ द्या. फ्लू विषाणूचा, त्यावर अँटिबायोटिक चालत नाही (मागच्या वेळची उरलेली बाटली तर मुळीच काढू नका). ॲस्पिरिनही नको, राय सिंड्रोमचा (मेंदू आणि यकृतावर घाला घालणारा दुर्मिळ पण गंभीर आजार) धोका असतो. उतरलेला ताप पुन्हा चढला, श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडू लागला, ओठ निळसर दिसले किंवा ८ तास लघवी झाली नाही, तर मात्र थेट डॉक्टरकडे, रात्र असली तरी.