हप्ता तोच आहे हो, पण मुदत बघितली का?

सोसायटीतल्या एका ताईंनी आज संध्याकाळी मोबाइल पुढे केला. बँकेचा मेसेज होता, ४ लाखांचं टॉप-अप कर्ज (चालू गृहकर्जावरच मिळणारं जादा कर्ज) मंजूर, अभिनंदन वगैरे. गाडीसाठी घ्यावं का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. आधी गृहकर्जाचं स्टेटमेंट काढायला लावलं, आणि ते बघितल्यापासून डोकं फिरलंय.

जुलै २०२१ मध्ये घेतलेलं ३० लाखांचं कर्ज. मुदत १५ वर्षं, दर ७ टक्के, हप्ता २६,९६५. यजमानांचं वय तेव्हा ४५, म्हणजे साठीला निवृत्ती आणि साठीलाच घर मोकळं, असा सरळ हिशेब. आजवर ५४ हप्ते गेले, एकही चुकला नाही. भरले १४ लाख ५६ हजार, मुद्दल उतरलं साडेतीन-पावणेचार लाख. हप्ते उरायला हवे होते १२६. स्टेटमेंटवर आहेत १६३. तीन वर्षं वाढली आणि घरात कुणाला पत्ता नाही!

झालं काय ते सांगते. १ ऑक्टोबर २०१९ नंतर बँकांनी दिलेली बदलत्या दराची गृहकर्जं बाहेरच्या दराला बांधलेली असतात, बहुतेक रेपोला, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते त्याला. ताईंचा दर म्हणजे रेपो अधिक ३ टक्के. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो ४ वरून ६.५ वर गेला, यांचा दर ७ वरून ९.५. हप्ता मात्र बँकेने हलवला नाही, मुदत ताणली. त्या वेळी २६,९६५ पैकी साडेबावीस हजार नुसतं व्याज जात होतं. उरलेले हप्ते १६२ वरून सव्वादोनशेच्या आसपास गेले. त्याऐवजी हप्ता चारेक हजारांनी वाढवला असता तर मुदत जागेवर राहिली असती. दर तसाच टिकला असता तर या दोन वाटांमधला फरक सुमारे १० लाखांचा होता.

मान्य, २०२२ मध्ये महिन्याला चार हजार जास्तीचे काढणं सगळ्यांना जमलं नसतं. पण विचारायचं तरी! रिझर्व्ह बँकेचं १८ ऑगस्ट २०२३ चं परिपत्रक नेमकं हेच सांगतं. दर बदलला की हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडंथोडं, हे कर्जदाराने निवडायचं. जुन्या कर्जांनाही ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत हे लागू करायचं होतं. शिवाय दर तिमाहीला मुद्दल किती वसूल झालं, व्याज किती, हप्ते किती उरले, हे कळवायचं. ताईंना असं पत्र आल्याचं आठवत नाही. टॉप-अपचे मेसेज मात्र न चुकता येतात.

आपल्याकडे कर्ज घेताना 'हप्ता बसतोय ना' एवढंच बघायची सवय लागलीये, त्याचा राग येतो. आपल्या आईवडिलांना कर्ज डोक्यावर असताना झोप यायची नाही, आणि आपण पगार वाढला की टॉप-अप घेऊन हॉल रंगवतो.

जाऊ दे. ताईंचा चेहरा उतरला होता, त्यांची काही चूक नाही. आता काय करायचं ते लिहिते, तुमचंही स्टेटमेंट काढून पडताळा.

२०२५ मध्ये रेपो ६.५ वरून ५.२५ वर आला. ताईंचा दर आता ८.२५ आहे, म्हणून मधे भरलेले हप्ते वजा जाऊन सव्वादोनशेचे १६३ उरलेत. दर उतरल्यावर 'हप्ता कमी करून देऊ' म्हणतील, घेऊ नका. हप्ता तोच ठेवा, मुदत खाली आणा. दर निदान तीन महिन्यांतून एकदा बदलायलाच हवा, तो बदलला का ते बघा. (गृहवित्त कंपनीचं कर्ज असेल तर दर त्यांच्या स्वतःच्या मूळ दराला बांधलेला असतो. तिथे कपात झिरपायला वेळ लागतो, स्वतः मागे लागावं लागतं.)

मग स्प्रेड, म्हणजे रेपोच्या वरचे ते ३ टक्के. नव्या ग्राहकाला तीच बँक किती स्प्रेडने देते ते विचारा. कमी असेल तर रूपांतर शुल्क भरून दर उतरवून घ्या. ताईंचा दर ७.५ झाला तर १०-११ हप्ते वाचतात. बँक ऐकत नसेल तरच कर्ज दुसरीकडे न्या, कारण तिथे प्रक्रिया शुल्क, वकील, मूल्यांकन आणि गहाणखताचं मुद्रांक शुल्क पुन्हा लागतं.

जादा पैसे आले तर मुद्दलात भरा. वैयक्तिक, बदलत्या दराच्या गृहकर्जाला त्यावर दंड नाही. आज १ लाख भरले तर ताईंचे सुमारे ११ हप्ते कमी होतात, म्हणजे जवळजवळ ३ लाख. पण भरताना लेखी सांगा, नाहीतर तुम्हाला नको असताना हप्ता कमी करून मुदत तशीच ठेवतील.

आणि हे कुणी सांगत नाही: कर्जासोबत एकरकमी हप्त्याचा विमा गळ्यात मारला असेल तर त्याची मुदत फार तर कर्जाच्या मूळ मुदतीएवढीच असते, इथे १५ वर्षं. कर्ज लांबलं म्हणून विमा लांबत नाही. ताईंच्या कर्जाची शेवटची तीन वर्षं उघडी आहेत, तीही निवृत्तीनंतरची.

गाडीचं टॉप-अप त्यांनी बाजूला ठेवलंय. उद्या शाखेत हा अर्ज घेऊन जाणार आहेत, तुम्हीही उतरवून घ्या. दोन प्रती करा, एकीवर शिक्का आणि तारीख घ्या:

"माझ्या गृहकर्ज खात्याची मूळ मुदत, आजची उरलेली मुदत आणि आजवरचे सर्व दरबदल लेखी द्यावेत. दर कमी झाल्याचा लाभ हप्ता न बदलता मुदतीत द्यावा. मूळ मुदतीतच कर्ज फेडायचं असल्यास हप्ता किती होईल ते कळवावं. सध्याचा स्प्रेड आणि नव्या ग्राहकांचा स्प्रेड, तसंच रूपांतर शुल्क कळवावं."