गेमचा कोपरा कापला जातो म्हणून ती फाईल चालवू नका

रविवारी सकाळी ताईचा सांगलीच्या विश्रामबागेतून फोन. "लॅपटॉपवरची अक्षरं मोहरीएवढी झालीत, आणि याचा गेम काही अजून सरळ होत नाही. येऊन बघ बाबा एकदा." मिरजेहून गाडी काढून गेलो. भाचा मॉनिटरसमोर तोंड पाडून बसलेला. गेम चालू होता, पण उजवीकडचा आणि खालचा भाग पडद्याबाहेर. शेजारी अठराशे रुपयांची नवीकोरी एचडीएमआय केबल. आणि मोबाईलवर तो मेसेज, जो गेले काही दिवस मलाही तीन ग्रुपांवर आलाय.

ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: लॅपटॉपला बाहेरचा मॉनिटर जोडून गेम खेळताना चित्र भुरकट दिसलं किंवा कापलं गेलं, तर विंडोजचं स्केलिंग (अक्षरं-बटणं किती मोठी दिसावीत ती टक्केवारी) १०० टक्के करा, कारण १२५ वर ग्राफिक्स कार्डाला सव्वापट काम पडतं. सोन्याच्या मुलाम्याची '८के' केबल घ्या. झाकण मिटून खेळू नका, कार्ड जळतं. बाहेरच्या मॉनिटरवर एफपीएस (गेम सेकंदाला किती चित्रं दाखवतो तो आकडा) पडतातच. आणि सगळ्यात शेवटी, अँटिव्हायरस बंद करून सोबतची 'डीपीआय फिक्स' फाईल अॅडमिन म्हणून चालवा, कारण 'मायक्रोसॉफ्ट ही सेटिंग लपवून ठेवतं'.

शेवटच्या मुद्द्यापासूनच सुरुवात करतो, कारण बाकीच्यांनी फार तर पैसे आणि वेळ जाईल.

ती फाईल मी चालवली नाही आणि चालवणारही नाही. तिच्यात काय आहे हे कळण्याआधीच अँटिव्हायरस बंद करायला सांगणारा माणूस म्हणजे 'आधी कुत्रं बांधा, मग मी घरात येतो' म्हणणारा पाहुणा. अॅडमिन म्हणून चालवलेल्या प्रोग्रॅमला अख्खं घर मोकळं असतं: ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, फाईली, सगळं. ताईच्या त्या लॅपटॉपवर बचत गटाचे हिशेब आहेत आणि नेटबँकिंगही तिथूनच होतं. भाच्याने फाईल उतरवून घेतली होती, चालवली नव्हती. कारण काय, तर अँटिव्हायरस बंद कसा करायचा ते सापडलं नाही! नशीब म्हणायचं. कुणी चालवली असेल तर आधी नेटचं कनेक्शन काढा, पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला. खात्यातून पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, लगेच फोन लावा.

आणि 'लपवून ठेवतं' हे तर धादांत खोटं. जुन्या प्रोग्रॅमांना ताणून दाखवायची ही सोय २००७ च्या व्हिस्टापासून विंडोजमध्ये आहे. मायक्रोसॉफ्टने प्रोग्रॅमरांसाठी लिहिलेल्या माहितीत ती उघडपणे समजावलेली आहे: ज्या प्रोग्रॅमला स्केलिंग कळत नाही तो ९६ डीपीआय (इंचाला ९६ ठिपके), म्हणजे १०० टक्के, धरूनच चित्र काढतो, मग विंडोज ते चित्र फोटोसारखं ताणतं, आणि ताणलं की ते अंधुक दिसतं. मला जे सांगायचंय त्यातलं बरंचसं एवढ्यातच आहे.

आता त्यावरून त्या 'सव्वापट कामा'चं बघू. स्केलिंग म्हणजे अक्षरं, बटणं, आयकॉन किती मोठे काढायचे एवढंच. पूर्ण पडद्यावर १९२० × १०८० मध्ये चालणारा गेम २०,७३,६०० ठिपके काढतो, स्केलिंग १०० असो की १५०. उलट ज्या गेमला स्केलिंग कळत नाही, त्याला १२५ वर विंडोज सांगतं की पडदा १५३६ × ८६४ चाच आहे. त्याने ते ऐकलं तर ठिपके होतात १३,२७,१०४, म्हणजे काम जवळपास दोन तृतीयांशावर येतं. चित्र भुरकट होतं ते काम वाढल्याने नाही, कमी काम केलेलं चित्र ताणल्याने. मेसेजवाल्याने गणितही उलटं मांडलंय.

आणि गेमने ऐकलंच नाही, हट्टाने १९२० × १०८० चीच खिडकी उघडली, तर? विंडोज तीही सव्वापट ताणतं आणि कडा पडद्याबाहेर जातात. भाच्याचं हेच झालं होतं. मॉनिटरवर त्याने कधीतरी १२५ करून ठेवलेलं. मेसेज वाचून त्याने स्केलिंग १०० केलं खरं, पण लॅपटॉपच्या पडद्याचं! विंडोज १० आणि ११ मध्ये प्रत्येक पडद्याचं स्केलिंग वेगळं असतं. डिस्प्ले सेटिंगमध्ये वर १ आणि २ असे चौकोन दिसतात, त्यातला आधी निवडावा लागतो. त्यामुळे गेम होता तसाच राहिला आणि ताईची अक्षरं बारीक झाली.

मान्य करतो, मॉनिटरचं स्केलिंग १०० केलं असतं तर कोपरा परत आला असता. मेसेजमध्ये तेवढं अर्धं खरं आहे. पण एका गेमसाठी अख्ख्या पडद्याची अक्षरं कशाला बारीक करायची? त्या गेमच्याच फाईलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, 'चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज', तिथे ओव्हरराइडवर टिक करून खाली 'अॅप्लिकेशन' निवडायचं. म्हणजे विंडोजला सांगायचं, या गेमच्या मधे पडू नकोस. दोन मिनिटांचं काम. लॅपटॉप पुन्हा १२५ वर नेला, ताईचा जीव भांड्यात पडला.

मुळात सगळा भुरकटपणा एकाच जागचा नसतो. चित्र गेम ताणतो, विंडोज ताणतं, ग्राफिक्स कार्ड ताणतं, नाहीतर मॉनिटर. कोण ताणतंय ते आधी बघा. डेस्कटॉपवरचा टास्कबारही कापला जात असेल, तर विंडोजच्या स्केलिंगचा संबंध नाही. टीव्ही एचडीएमआयवरचं चित्र थोडं मोठं करून कडा कापतात, ती जुन्या काचेच्या पिक्चर ट्यूबवाल्या टीव्हीच्या काळातली सवय. ते टीव्हीच्या मेनूतूनच जातं: कुठे 'जस्ट स्कॅन', कुठे 'स्क्रीन फिट' लिहिलेलं असतं. डेस्कटॉप ठणठणीत आणि एकच गेम कापला जातो, तर वरचा उपाय. दोन्ही पडद्यांवर सारखंच चित्र ठेवलं असेल आणि लॅपटॉप १३६६ × ७६८ चा असेल, तर फुल एचडी (१९२० × १०८०) मॉनिटरही बहुधा तेवढ्यावरच अडकतो. विंडोज आणि पी दाबून 'सेकंड स्क्रीन ओन्ली' करा. गेममध्येच रिझोल्यूशन, म्हणजे ठिपक्यांची संख्या, कमी ठेवलं असेल तर मात्र कुणाचाच दोष नाही. १३६६ चं १९२० करताना एका ठिपक्याचे १.४ ठिपके करावे लागतात, ते स्वच्छ कसे दिसणार? १०८० चं ४के (३८४० × २१६०) करताना उभं-आडवं बरोबर दुप्पट होतं, म्हणून ते त्यामानाने बरं दिसतं.

केबल. एचडीएमआयवर आकडे जातात. सोनं लावल्याने आकडे उजळत नाहीत. केबल खराब असेल तर चित्र मधेच जातं, ठिपके चमकतात किंवा जास्तीचा रिफ्रेश रेट (पडदा सेकंदाला किती वेळा नवं चित्र दाखवतो, हर्ट्झमध्ये) मिळत नाही. अक्षरं भुरकट होत नाहीत. ४के ६० हर्ट्झवर हवं असेल तर दोन्हीकडे एचडीएमआय २.० लागतं, १.४ वर ते ३० वरच थांबतं. तिथे केबलही बरी हवी, हे खरं. भाच्याचा मॉनिटर फुल एचडी आहे.

झाकण मिटल्याने कार्ड जळत नाही. काही लॅपटॉपांची गरम हवा बिजागरीजवळून किंवा कीबोर्डातून निघते, ते मिटल्यावर जास्त तापतात, तापले की वेग कमी करतात. तेव्हा झाकण उघडं ठेवा आणि पुढं चला.

एफपीएसचं तर बऱ्याच गेमिंग लॅपटॉपांवर उलटंच असतं. आतल्या पडद्याकडे जाणारं चित्र एनव्हिडिया कंपनीच्या ग्राफिक्स कार्डाकडून प्रोसेसरमधल्या ग्राफिक्समार्गे जातं. एचडीएमआयचं पोर्ट थेट कार्डाला जोडलेलं असेल तर तो वळसा वाचतो. आपलं पोर्ट कशाला जोडलंय ते एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये सराउंड-फिजएक्सच्या पानावर चित्रातच दिसतं. फुल एचडीवरून ४के मॉनिटरवर गेलात तर ठिपके चौपट होतात, मग एफपीएस पडणारच. त्यात मॉनिटर बाहेरचा असल्याचा काय दोष?

केबल दुकानदाराने परत घेतली नाही. ती आता ताईच्या हॉलमध्ये सेटटॉप बॉक्स आणि टीव्हीच्या मधे लावलीय. लावताना दिसलं की बातम्यांच्या खालच्या पट्टीतली अक्षरं अर्धी कापली जात होती, म्हणून रिमोट घेऊन मेनूत 'जस्ट स्कॅन' करून टाकलं. पट्टी पूर्ण दिसायला लागली. ताई शेजारच्या काकूंना सांगत होती, केबल महाग आहे, पण गुण आला बघा.