‘कॅसाब्लांका’ आणि बंडूचा निकाल

काल रात्री अण्णांच्या घरी आम्ही चौघांनी ‘कॅसाब्लांका’ हा दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला हॉलिवूडचा चित्रपट पुन्हा पाहिला, आणि आज कट्ट्यावर चहा येण्याआधीच बंडूने निकाल देऊन टाकला.

“त्यात आहे काय? बाई विमानात बसते, बाप्या धुक्यात चालू लागतो, आणि तुम्ही ऐंशी वर्षांनंतरही डोळे पुसता!”

“102 मिनिटांच्या चित्रपटात तू दोनदा घोरलास, तुला धुके तरी दिसले का?” अण्णांनी विचारले. गेल्या वर्षी बंडूने त्यांच्या आवडत्या चित्रपटाचा शेवट सर्वांना आधीच सांगून टाकला होता, तो राग अजून गेलेला नाही.

ताई मात्र गंभीर होत्या. “बंडू, प्रेमकथा क्षणभर बाजूला ठेव. जर्मन अधिकारी कॅफेत आपले गाणे म्हणत असताना नाझींविरुद्ध लढणारा लाझ्लो ‘मार्सेयेझ’ हे फ्रान्सचे राष्ट्रगीत वाजवायला सांगतो, तेव्हा रडत रडत गाणारी मादलेन लबो 1940 साली खरोखरच पॅरिसमधून पळाली होती, आणि नाझी मेजर रंगवणारा कॉनराड फाइट 1933 सालीच ज्यू पत्नीसह जर्मनी सोडून गेला होता. ज्यांना तू नुसते नट म्हणतोस, त्यांच्यातल्या कितीतरी जणांना तेव्हा घरी परतण्याची सोय नव्हती.”

मला तो प्रसंग आजही बसून पाहवत नाही, मी उभा राहतो.

“नोव्हेंबर 1942 मध्ये चित्रपट न्यूयॉर्कला लागला आणि त्याच महिन्यात दोस्त राष्ट्रांच्या फौजा मोरोक्कोतल्या खऱ्या कॅसाब्लांका शहराजवळ उतरल्या. हे नशीब, गुण नव्हे,” बंडू म्हणाला.

“नशिबावर पहिले काही आठवडे निघतात,” ताई म्हणाल्या. “लाझ्लोची बायको इल्सा हिने निर्णय आपल्या जुन्या प्रियकरावर, कॅफेमालक रिकवर सोपवलेला असतो. तो तिला सहज ठेवून घेऊ शकला असता, आणि तरीही नवऱ्याबरोबर पाठवतो. युद्ध कोण जिंकणार हे ठाऊक नसलेल्या, स्वतःच्या माणसांना निरोप देऊन आलेल्या प्रेक्षकांना ते कळले, आणि ज्याने कधी कुणाला जाऊ दिले आहे, त्याला ते आजही कळते.”

बंडूने शेवटचा हुकमाचा पत्ता काढला. “कॅफेत पियानो वाजवत गाणारा तो सॅम झालेला डूली विल्सन मुळात ड्रमवाला. त्याला पियानो येतच नव्हता!”

“बोटे दुसऱ्याची असतील,” ताई म्हणाल्या, “गळा त्याचाच होता.”

“आणि काल रात्री साडेबाराला आमच्या जिन्यात तोच सूर गुणगुणत उतरणारा गळा कोणाचा होता?” अण्णांनी विचारले. बंडू लालबुंद झाला, आणि आमच्या हसण्याने टपरीवाला चहा हातात धरून तसाच उभा राहिला.