खापर कोणी अडवलं?

गावाकडच्या भाविक मंडळींचा आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आठवडाभर पेटलाय. अमळनेरकडच्या एका तरुण कीर्तनकाराने चांगदेव पासष्टी अहिराणीत सांगायला घेतली आणि त्याचे व्हिडिओ घरोघरी फिरू लागले, एवढंच निमित्त. ज्येष्ठ म्हणतात, हे गुह्य ज्ञान आहे, अधिकार पाहून गुरूने द्यायचं. चव्हाट्यावर मांडलं की स्वस्त होतं. मी दोन ओळी लिहिल्या, तर एका काकांनी सुनावलं, "तुले तठे बठीसन काय समजस, भाऊ?"

तठे म्हणजे कॅनडात, मिसिसागात. इथल्या लायब्ररीत उपनिषदं मागितली तर कार्डापलीकडे कोणी काही विचारत नाही. असो.

पण काका, ही पासष्टी कोणासाठी लिहिली गेली, तेवढं तरी आठवा. तापी-पूर्णेच्या संगमावर ज्याचं देऊळ आहे, त्या चांगदेवासाठी. चौदाशे वर्षांचा योगी म्हणे, पण ज्ञानदेवांना मायना काय लिहावा या पेचात कोरा कागद धाडतो. एवढीशी मुक्ताई म्हणते, इतकं जगून कोराच राहिला की हा! उत्तरात गेल्या 65 ओव्या, त्याही मराठीत. ती मुक्ताई आमच्याच तापीकाठी गुप्त झाली. तिच्या मुलखात बसून अधिकार मोजायचा?

त्या पोराचा एक व्हिडिओ मी टोरंटोच्या युनियन स्टेशनवरून सुटलेल्या गो ट्रेनमध्ये पाहिला. मांड्यांची कथा चालली होती. मुक्ताईला मांडे भाजायला मातीचं खापर देऊ नका, असं विसोबाने कुंभारांना बजावलेलं, मग ज्ञानदेवांनी योगाग्नीने पाठ तापवली, ती कथा. मध्येच थांबून तो समोरच्या बायांना विचारतो, मांडा टाकण्याआधी खापर किती तापू द्यायचं? तिघी एकदम बोलल्या. एकीने तर उठून, दोन्ही हातांच्या कोपरांपर्यंत मांडा कसा झुलवत वाढवायचा आणि कडा कधी सोडायची, ते हवेतच करून दाखवलं. दुसरीने तिला दुरुस्त केलं. हशा झाला, आणि तो ओसरायच्या आत पोराने योगाग्नी म्हणजे काय ते सांगायला घेतलं. बाया हलल्या नाहीत. हे स्वस्त होणं असेल, तर महाग काय असतं?

आणि खापर अडवणारा तो विसोबा शेवटी त्याच भावंडांना शरण गेला, पुढे नामदेवांचा गुरू झाला. ग्रुपमधल्या ॲडमिनांनी कथेचा हा भागही ऐकावा.

कुलूप लावल्याने काय होतं, हे मराठी माणसाने एकदा पाहिलेलं आहे. महानुभावांनी धर्म मराठीत सांगितला, तो म्हाताऱ्याकोताऱ्यांना कळावा म्हणून. पुढे त्याच पंथाने आपल्या पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद केल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अभ्यासकांनी ती लिपी उकलेपर्यंत लीळाचरित्रासारखा ग्रंथ बाहेरच्यांना वाचता येत नव्हता. आत काय आहे ते दिसत नाही म्हटल्यावर लोकांनी मनाला येईल ते पंथाबद्दल बोलून घेतलं.

आता काका म्हणतील, तुझ्याकडे काय होतं ते सांग. सांगतो. प्लाझातल्या स्टुडिओत आठ आठवड्यांचं अद्वैत मिळतं, वर एचएसटी हा करही. पहिल्याच तासाला बाई म्हणाल्या, तुम्ही मुळातच पूर्ण आहात. आणि सगळे मॅट गुंडाळून गेले. ते मलाही आवडलं नाही. पण त्यावर उपाय नीट सांगणारा माणूस शोधणं हा आहे, तोंडाला पट्टी बांधणं नाही. आमच्याच अमळनेरात प्रताप शेठजींनी 1916 साली तत्त्वज्ञान मंदिर काढलं. साने गुरुजी तिथे शिकायला आले, आणि मग 1924 ते 1930 शाळेत मास्तर होऊन, छात्रालयातल्या पोरांत बसून गोष्टी सांगत राहिले. त्यांना कोणी म्हटलं नाही की तत्त्वज्ञान स्वस्त केलंत. म्हटलं असेल तर लक्षात कोणाच्या आहे?

मला इतका राग का यावा, हे बायकोने विचारलं. खरं सांगायचं तर लहानपणी त्या मंदिराच्या फाटकावरून रोज शाळेत जायचो. आत ये असं कोणी म्हटलं नाही, नको येऊ असंही नाही. जे घरी असताना कानावर पडलं नाही, ते आज बर्फात उभं राहून एका पोराच्या अहिराणीतून ऐकतोय. तो व्हिडिओ बंद झाला की माझ्यापुरतं दार बंद. मुलीला तर आधीच अर्धं कळत नाही; तिने विचारलं, दुसऱ्या गावाहून का नाही आणलं खापर? प्रश्न चुकीचा नाही.

काल ग्रुपवर तोडगा निघाला: सप्ताहात त्याचं कीर्तन होईल, मोबाइल मात्र बंद. मंडपाच्या वर्गणीचा नंबर खाली दिला होता. ती पाठवताना माझा अधिकार कोणी विचारला नाही. शिवाय निरोप आला की आलास तर पुढे खुर्ची ठेवू, शाल-नारळ देऊ. मी कळवलंय की खुर्ची नको. मागे सतरंजीवर बसेन, पण व्हिडिओ चालू ठेवा, कारण मार्चच्या आधी रजा मिळत नाही.