फिट कुठून सुरू झाली, हे विचारावंच लागतं

नमस्कार काका,

'फिट ती फिट आणि गोळी ती गोळी, प्रकार पाडत बसणं म्हणजे तपासण्यांची बिलं वाढवणं,' असं तुम्ही लिहिलंत. दाखल्याला धाकट्या भावाचं उदाहरण दिलंत: तीस वर्षं फिटवरची एकच गोळी, कार्बामॅझेपिन, आणि माणूस ठणठणीत. खर्चाचा राग रास्त आहे. पण मुद्दा मला अजिबात मान्य नाही.

तुमचंच वाक्य बघा. भावाचा आधी उजवा हात ताठ व्हायचा, मान उजवीकडे वळायची, मग सगळं अंग झटके द्यायचं. प्रकार ठरवायला जे लागतं ते बरंचसं यातच आलं. फिट मेंदूच्या एका भागात सुरू झाली आणि मग पसरली, म्हणजे फोकल. कार्बामॅझेपिन हे त्याच प्रकारावरचं जुनं, भरवशाचं औषध. त्या डॉक्टरांनी आधी हात कुठला, मान कुठे, हे विचारलंच असणार. त्याचं काही बिल होत नाही.

आता हीच गोळी दुसऱ्या कुणाला देऊन बघू. अकरावीतली मुलगी. गणपतीआधी रोज उशिरापर्यंत ढोलाचा सराव, अनंत चतुर्दशीची अख्खी रात्र लक्ष्मी रस्त्यावर आणि दुसऱ्या दिवशी उठल्या उठल्या मोठी फिट. दातखीळ, झटके, तोंडाला फेस, घाबरलेल्या घरच्यांना दिसतं ते तुमच्या भावासारखंच. पण 'सकाळी हिच्या हातातून वस्तू उडतात का?' असं विचारलं की आई म्हणते, 'हो, चहाचा कप तर कितीदा! आम्ही धांदरट म्हणून ओरडायचो.' ते हाता-खांद्यांचे क्षणभराचे हिसके असतात. ही ज्युव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी, म्हणजे किशोरवयातला अपस्माराचा एक प्रकार. यात फिट एका भागात नाही, मेंदूच्या दोन्ही बाजूंना एकदम सुरू होते. यात कार्बामॅझेपिन किंवा फेनिटॉइन हे फिटवरचं दुसरं जुनं औषध दिलं तर हिसके वाढू शकतात. मग गोळी कमी पडतेय असं वाटून डोस वाढवला जातो आणि पोरीचे हाल होतात. चहाच्या कपाबद्दल कुणी विचारलेलंच नसतं!

तिच्या आजारावर व्हॅल्प्रोएट हे औषध उत्तम चालतं. पण गरोदरपणात ते घेतलं तर साधारण दहातल्या एका बाळात जन्मजात व्यंग आढळतं आणि बुद्धीच्या वाढीवरही परिणाम होतो. म्हणून मुलींना बहुधा आधी लेव्हेटिरॅसिटाम देतात.

लहान मुलांच्या अ‍ॅब्सेन्स फिट्सचंही असंच. मूल काही सेकंद शून्यात बघतं, शाळेतून 'लक्ष नसतं' अशी तक्रार येते. तिथेही कार्बामॅझेपिनने बिघडू शकतं, इथोसक्सिमाइड किंवा व्हॅल्प्रोएट लागतं.

'खेडेगावात प्रकार कोण ठरवणार?' हा तुमचा प्रश्न मात्र खरा आहे. प्रकार कळत नसेल तेव्हा एका भागातून सुरू होणाऱ्या आणि एकदम सुरू होणाऱ्या, दोन्ही फिट्सवर चालणारं औषध निवडतात, लेव्हेटिरॅसिटाम त्यातलंच. इंटरनॅशनल लीग अगेन्स्ट एपिलेप्सी या अपस्मारावर काम करणाऱ्या जागतिक संघटनेच्या 2017 च्या वर्गीकरणातही 'सुरुवात अज्ञात' असा गट ठेवलेला आहे. न कळणं चालतं, न विचारणं चालत नाही.

ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, नॉर्मल आला म्हणजे आजार नाही, असंही नसतं. म्हणून पाहणाऱ्याची साक्ष मोलाची. कुणाला फिट आली तर एकाने त्याला कुशीवर वळवावं, तोंडात काही घालू नये. दुसऱ्याने मोबाइलवर व्हिडिओ काढावा, चेहरा आणि दोन्ही हात दिसतील असा. डॉक्टरांना तोच आधी दाखवा.

आणि भावाची गोळी चालू असेल तर ती तशीच चालू राहू द्या. माझं लिखाण वाचून तिला हात लावू नका.